कुत्र्यावरचे गोचीड जातात आणि पंधरा दिवसांत परत येतात: कुठं चुकतंय ते शोधायचं कसं

पावसानं उघडीप दिली की पशुवैद्याच्या दारात एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘अंघोळ घातली, पावडर लावली, इंजेक्शनपण दिलं. आठ दिवस बरं होतं, परत झालंय.’ मग औषध बदललं जातं, त्याहून जालीम मागितलं जातं, शेवटी शेतातल्या फवारणीचं काहीतरी बादलीत पडतं आणि कुत्रं थरथरत, लाळ गाळत दवाखान्यात येतं. बहुतेक घरांत औषधाचा जोर कमी पडलेला नसतो. औषध चुकीच्या जागी पडलेलं असतं किंवा दुसरा डोस पंधरा दिवस उशिरा झालेला असतो. कुत्र्यावर जे दिसतात ते थोडे, बाकीची पलटण भिंतीत बसलेली असते.

आधी ठरवा: घरचा की रानचा

उपाय यावरच ठरतो, म्हणून दहा मिनिटं यात घाला.

कुत्रा उजेडात आडवा झोपवा. केस उलट्या दिशेनं सारत बोटाच्या टोकांनी कातडी चाचपा. कानाच्या आत आणि मागं, पट्ट्याखाली, पापणीच्या कडेला, बगलेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, आणि पायाच्या प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये. बोटांमधली जागा लोक हमखास सोडतात आणि तिथंच सगळ्यात जास्त सापडतात. कारवानीसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यावर हे काम सोपं, जर्मन शेफर्डवर फणी लागते.

आता काय सापडलं ते बघा. खसखशीहून बारीक, सहा पायांचे ठिपके ही नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं. खसखशीएवढी, आठ पायांची, ती मधली अवस्था. तिळाएवढा, चपटा, तांबूस तपकिरी, पाठीवर नक्षी नसलेला तो मोठा. आणि राखाडी, टम्म फुगलेली, एरंडाच्या बीसारखी दिसते ती रक्त प्यालेली मादी. एकाच कुत्र्यावर एकाच दिवशी या सगळ्या अवस्था सापडल्या, आणि कुत्रा गेल्या महिन्यात गल्लीच्या बाहेर गेलेला नाही, तर तो रानातून आलेला नाही. तुमच्या घरातच त्यांची वस्ती आहे. हा तपकिरी कुत्रा-गोचीड, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनियस. तिन्ही अवस्थांत त्याला कुत्र्याचंच रक्त आवडतं आणि कोरडी हवा त्याला सोसते, म्हणून तो कोल्हापूरकडच्या धो-धो पावसाच्या गगनबावड्यात असतो तसा कोरड्या शिरोळातही असतो. संध्याकाळी भिंतीवर, पडद्यावर, दाराच्या चौकटीवर काहीतरी वर चढताना दिसलं तर शंकाच नको, याला वर चढायची खोडच आहे.

याउलट मसाई पठारावर, चंदगड-आजऱ्याच्या रानात किंवा नुसतं गुरं चरतात त्या माळावर जाऊन आल्यावर एक-दोन दिवसांत चार-सहा गोचीड दिसले, ते काढल्यावर पुन्हा नाही दिसले, तर ते रानचे. यांत बरेचदा हीमाफायसॅलिस जातीचे असतात. यांना ओल आणि सावली लागते, घरातल्या कोरड्या फरशीवर सहसा संसार थाटत नाहीत. त्यांच्यासाठी घरभर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरा प्रकार गोठ्याचा. म्हशी-गाईंवरचे गोचीड मुख्यतः वेगळ्या जातीचे, पण गुरं, शेळ्या आणि कुत्रा या तिघांनाही चालणारे काही आहेत. कुत्रा दावणीशेजारी झोपत असेल तर नुसत्या कुत्र्यावर कितीही खर्च करा, फरक पडणार नाही.

आणि हो, उडी मारली तर तो गोचीड नाही, पिसू आहे. गोचिडाला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही आणि तो झाडावरून टपकतही नाही. गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसतो आणि कोणी घासून गेलं की धरतो. मानेवर सापडला म्हणजे वरून पडला असं नव्हे, पायाकडून चढत गेला.

पंधरा दिवसांत परत का येतात

फुगलेली मादी कुत्र्यावर अंडी घालत नाही. पोट भरलं की गळून पडते, अंधारी फट शोधते, काही दिवसांनी तिथं हजारांनी अंडी घालते आणि मरते. दगडी जोत्यातल्या सांधी, फरशीची निघालेली कड, कौलाखालचा वासा, सोप्यातल्या कपाटामागचा भाग, कुत्र्याच्या पोत्याची शिवण या तिच्या जागा. अंडी साधारण दोन ते पाच आठवड्यांत फुटतात. पिल्लू कुत्र्यावर चढतं, तीन ते सात दिवस रक्त पितं, उतरतं, फटीत कात टाकतं, परत चढतं, परत उतरतं, परत कात टाकतं. मग मोठा होऊन तिसऱ्यांदा चढतो. म्हणजे आयुष्यातला थोडाच काळ तो कुत्र्यावर असतो. आपल्याकडच्या उबदार हवेत हा फेरा साधारण दोन महिन्यांत पुरा होतो, आणि उपाशी मोठा गोचीड कित्येक महिने, कधी वर्षभरही, फटीत वाट बघत बसू शकतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एकदा मारलेल्या औषधानं त्या दिवशी कुत्र्यावर असलेले मेले, फटीतले आणि अंड्यातले शाबूत राहिले, ते पुढच्या पंधरवड्यात हजर झाले. ‘परत आले’ असं आपण म्हणतो, खरं तर ते गेलेच नव्हते. दुसरं, उपचार किमान तीन ते चार महिने सलग चालले पाहिजेत. मध्ये वीस दिवसांची खिंड पडली की तेवढ्यात एखादी मादी पोट भरून उतरते आणि मोजणी पहिल्यापासून.

कुत्र्यावरचं औषध फसतं ते असं

खायची गोळी. अफोक्सोलेनर, सॅरोलेनर आणि फ्लुरालेनर ही या गटातली नावं. पहिल्या दोन्ही एकेक महिना पुरणाऱ्या, फ्लुरालेनर साधारण बारा आठवडे पुरणारी. घरातली वस्ती मोडायला आजच्या घडीला यांच्याइतकं भरवशाचं काही नाही, महाग आहेत तरी. तक्रार येते ती अशी: ‘गोळी दिली तरी गोचीड दिसतोय.’ दिसणारच. ही गोळी गोचिडाला पळवून लावत नाही, तो चावल्यावर रक्तातून त्याला मारते, त्याला काही तास ते एक दिवस लागतो. म्हणून दिसला की नाही हे बघू नका, कसा दिसला ते बघा. चपटा, वाळका, हात लावताच सुटणारा असेल तर गोळी काम करतेय. गोळीला दोन दिवस उलटून गेल्यावरही राखाडी, टम्म मादी सापडली तर काहीतरी चुकलंय.

चुकतं ते बहुधा वजनात. ३२ किलोच्या लॅब्राडोरला २० किलोपर्यंतची गोळी. किंवा मोठी गोळी आणून तिचे तीन तुकडे तीन कुत्र्यांना, यात कोणाला किती गेलं देव जाणे. फ्लुरालेनरचा किमान डोस किलोला २५ मिलिग्रॅम, अफोक्सोलेनरचा २.५ आणि सॅरोलेनरचा २. कुत्र्याला आधी काट्यावर घ्या, नसेल काटा तर त्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. फ्लुरालेनर भरल्या पोटी द्यावी लागते, उपाशी पोटी ती नीट शोषली जात नाही. दिल्यानंतर तासाभरात ओकला तर डॉक्टरांना विचारा. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला या गटातलं काहीही त्यांना सांगितल्याशिवाय देऊ नका.

पाठीवर सोडायचं फिप्रोनिल. हे केसांवर पडलं तर वाया. मानेच्या मागं, जिथं जीभ पोचत नाही तिथं, केसांचा भांग पाडून नळीचं टोक कातडीला टेकवून दाबायचं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. आपल्याकडे उलट होतं, कुत्रा साबणानं लख्ख धुऊन लगेच औषध सोडलं जातं. कातडीवरचा ज्या तेलकटपणातून ते अंगभर पसरायचं तोच धुऊन गेलेला असतो. आणि मग दर रविवारी शाम्पू.

आता पाण्यात कालवून अंगाला लावायचं अमिट्राझ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मिळतं ते १२.५ टक्क्यांचं द्रावण. म्हणजे १ मिलीत १२५ मिलिग्रॅम. एक लिटर पाण्यात २ मिली घातलं की दहा लाखात २५० भाग, ४ मिली घातलं की ५००. कुत्र्यासाठी या दोन टोकांमधलं जे डॉक्टर सांगतील ते. मेडिकलमधून १० मिलीची बिनसुईची सिरिंज आणा, पाणी मोजायला लिटरची बाटली घ्या. मध्यम कुत्र्याला ४ लिटर पुरतं, म्हणजे लिटरला २ मिलीच्या हिशोबानं औषध ८ मिली. ‘बादलीत एक झाकण’ हे माप नव्हे, बादली १२ लिटरची असते तशी २० ची, झाकणं तर विचारूच नका.

डोळ्यांच्या कडेला व्हॅसलिन लावा, हातात मोजे घाला, स्पंजनं मानेपासून मागं भिजवत या, बोटांमध्ये पोचवा. वरून पाणी ओतू नका, टॉवेलनं पुसू नका, सावलीत वाळू द्या. वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही, गळ्यात शंकू घाला किंवा धरून बसा. द्रावण दर वेळी ताजं करायचं, कालवून ठेवलेलं उतरतं. जखमेवर, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लावर, गाभण किंवा मधुमेही कुत्र्यावर वापरू नका. मांजरावर कधीच नाही. लावल्यावर कुत्रा गुंगला, अंग गार पडलं, ओकायला लागला तर लगेच कोमट पाण्यानं धुऊन दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. यावर उतारा असतो, पण काय लावलंय हे डॉक्टरांना कळायला हवं.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हा गल्लोगल्ली चालणारा उपाय. खरजेवर ते चांगलं, गोचिडावर नेहमीच्या डोसात त्याचा भरवसा नाही, आणि कॉलीसारख्या जातींत ते जिवावर बेतू शकतं. रॉकेल आणि डिझेलनं कातडी भाजते. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटिन, ते कातडीतून भिनतं. फिनेल कुत्र्या-मांजरांना विषारी. पेरमेथ्रिन कुत्र्यांच्या काही औषधांत असतं पण मांजराला मारतं, घरात दोन्ही असतील तर लेबल दोनदा वाचा. करंज-कडुलिंबाच्या तेलानं थोडे दूर राहतात एवढंच, वस्ती मोडत नाही.

आणि म्हैस पंचगंगेत डुंबवून किंवा कुत्रा तळ्यात पोहवून गोचीड जात नाहीत. ते पाण्याखाली कित्येक तास तग धरतात.

घर, परडं, गोठा

क्रम महत्त्वाचा. कुत्र्याला गोळी देऊन दोन दिवस झाले की घराला हात घाला. एक चूक इथं फार होते: फवारणी आहे म्हणून कुत्रा पंधरा दिवस पाहुण्यांकडे पाठवतात. तसं करू नका. भुकेले गोचीड मग माणसांना, विशेषतः जमिनीवर खेळणाऱ्या पोरांना, चावायला लागतात. गोळी दिलेला कुत्रा हाच तुमचा फिरता सापळा आहे. फवारा वाळेपर्यंतचे काही तास तेवढा बाहेर ठेवा.

कुत्र्याचं पोतं, घोंगडं, गादी: जाळायच्या लायकीचं असेल ते जाळा, ठेवायचं असेल ते बंबातल्या कढत पाण्यात बुडवा. कोमट पाण्याच्या मशीनमधून गोचीड जिवंत बाहेर येतात. दगडी फरशीच्या आणि कट्ट्याच्या सांध्यांत किटलीनं उकळतं पाणी ओता, ओतताना पायात बूट हवेत. मग झाडून निघेल ते सगळं बंद पिशवीत. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची पिशवी लगेच बाहेर.

फवारणीला घरात वापरायला मान्यता असलेलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, प्रमाण लेबलवरचं. पाच लिटरचा हातपंप पुरतो. लोक फरशीच्या मधोमध धूर केल्यासारखं मारतात, तिथं गोचीड नसतात. फवाऱ्याचं टोक आवळून बारीक धार करा आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात, चौकटीच्या मागं, खिडकीच्या खाली, वाशाच्या टोकाला, कपाटामागं, कुत्र्याच्या घराच्या फळ्यांच्या सांध्यांत सोडा. भिंतीवर छतापर्यंत जा, कारण ते वर चढतात. फिशटँक झाका आणि त्याचा पंप बंद करा, मांजर बाहेर, मोजे आणि मास्क लावा. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा गटारात ओतू नका, ही औषधं माशांना फार वाईट.

अंडी यानं मरत नाहीत. म्हणून हीच फवारणी दर दोन आठवड्यांनी, किमान तीन ते चार वेळा. पहिल्यानंतर बरं वाटतं आणि दुसरी राहते, सगळा खेळ तिथं बिघडतो. फवारणीच्या तारखा आणि गोळीची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून टाका. दुसऱ्या आणि तिसऱ्या फवारणीच्या मध्ये भिंतीच्या सांध्या सिमेंटनं बुजवा, चुन्याचा जाड हात द्या. मातीच्या भिंतीच्या जुन्या घरात फवारणीपेक्षा या लिंपणाचाच उपयोग जास्त होतो, कारण मातीवर औषध लवकर उतरतं.

परड्यात गवत घोट्याच्या खाली कापलेलं ठेवा, पालापाचोळा आणि पाचटाचा ढीग भिंतीपासून लांब, लाकडं जमिनीपासून उचलून. गवत आणि घर यांच्यामध्ये तीनेक फूट खडीचा किंवा फरशीचा पट्टा असला तर रानचे गोचीड तो कोरडा भाग सहसा ओलांडत नाहीत. कोंबड्या गोचीड वेचून खातात हे खरं, पण खुराड्याच्या फटीत वेगळ्याच जातीचा, रात्री चावणारा गोचीड वाढू शकतो, तेव्हा खुराडंही तपासा.

गोठ्यात सगळी जनावरं एकाच दिवशी. आज म्हैस, पुढच्या आठवड्यात रेडकू, असं चालत नाही. अमिट्राझ गुरांना लिटरला २ मिली, आणि मोठ्या जनावराला तीन-चार लिटर पाणी लागतं. कानाच्या आत, मानेखाली, कासेच्या मागं, शेपटीखाली पोचलं पाहिजे. धार काढून झाल्यावर मारा आणि दुधाबद्दल लेबलवर काय लिहिलंय ते पाळा. गव्हाणीत आणि वैरणीवर पडू देऊ नका.

कधी थांबायचं? दिसायचे बंद झाले की नव्हे. शेवटचा गोचीड दिसल्यापासून सलग आठ आठवडे कुत्र्यावर आणि भिंतीवर काहीच नाही, तर फवारणी थांबवा. गोळी मात्र किमान पुढचा पावसाळा संपेपर्यंत चालू.

रानात जाताना

कोणत्या महिन्यात काय भेटतं ते ठाऊक असावं. सह्याद्रीच्या रानातला हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा पावसाळ्यात मोठा असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर पिल्लांचा काळ, आणि साधारण जानेवारी ते मे खसखशीएवढ्या मधल्या अवस्थेचा. पन्हाळा-पावनखिंडीच्या पावसाळी वाटेवर निघताना लोक जळवांसाठी मीठ-तंबाखू बांधून घेतात, गोचिडाचा विचार कोणी करत नाही. पण माणसाला खरा धोका उन्हाळ्याच्या तोंडाला, त्या खसखशीएवढ्याचा. दिसतच नाही.

फिक्या रंगाची फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली, शर्ट पँटमध्ये. ध्यान दिसतं खरं, पण गोचीड बाहेरच चालत राहतो आणि फिक्या कापडावर दिसतो. उघड्या कातडीवर २० ते ३० टक्के डीईईटी (किडे-गोचीड दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. लहान मुलांना ते मोठ्यांनी लावायचं, त्यांच्या तळहाताला आणि डोळ्या-तोंडाजवळ नाही, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. वाटेच्या मधून चाला. गुरांच्या आणि गव्यांच्या पायवाटांच्या कडेचं गवत ही गोचिडांची सगळ्यात लाडकी जागा. जेवायला पाचोळ्यावर बसू नका, उघड्या कातळावर बसा किंवा प्लास्टिकचा कागद अंथरा. मुक्कामाच्या जागेची शंका असेल तर जुन्या पांढऱ्या धोतराचा मीटरभर तुकडा काठीला बांधून गवतावरून दहा-वीस पावलं ओढा आणि उलटा करून बघा. ठिपके चालायला लागले तर जागा बदला.

दाजीपूर-राधानगरीसारख्या अभयारण्यात कुत्रा नेऊच नका. बाकी माळरानात नेलात तर गोळी चालू असलेलाच न्या, आणि गाडीत बसवण्याआधी चाचपा. गाडीच्या सीटवर उतरलेला गोचीड नंतर सापडत नाही.

परतल्यावर कपडे सोफ्यावर टाकू नका, थेट कढत पाण्यात. जे उकळता येत नाहीत त्यांच्या शिवणींवरून गरम इस्त्री. दोन तासांच्या आत अंघोळ, आणि एकमेकांना तपासणं: केसांची कड, कानामागं, बगल, बेंबी, कमरेच्या नाडीची जागा, जांघ, गुडघ्यामागं. पँटवर पिल्लांचा अख्खा पुंजका चढला असेल, शे-दोनशे एकदम, तर झटकू नका. चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून टिपून घ्या, पट्टी घडी घालून टाका.

चावलेला काढायचा

भुवईचा बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडाच्या पोटाला नाही, कातडीला जिथं तोंड खुपसलंय तिथं अगदी लगटून पकडा आणि सरळ वर, एका संथ जोरानं ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. पाच-दहा सेकंद लागतात, कातडी तंबूसारखी वर येते आणि मग सुटतो. तोंडाचा बारीक काळा तुकडा आत राहिला तर सहज निघत असेल तर काढा, नाहीतर सुईनं उकरत बसू नका, शरीर तो बाहेर टाकतं. जागा साबणानं धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा. काडीचा चटका, चुना, रॉकेल, तेल, नेलपॉलिश यांतलं काहीही नको. त्रास दिलेला गोचीड आतलं पाणी जखमेत सोडतो आणि जंतू असलेच तर त्याच वाटेनं जातात. नखानं फोडू नका, फुटलेल्याचं रक्त बोटाच्या चिरेतून आत जाऊ शकतं.

कानात शिरला तर गोष्ट वेगळी. रानातून आल्यावर एका कानात ठणका, काहीतरी हलल्यासारखा आवाज, अशी तक्रार असेल तर काडी, पिन, चिमटा काही घालू नका. पडद्याजवळ रुतलेला तो ओढताना पडदा फाटतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ते आधी बधिर करून काढतात.

काढलेला गोचीड बारक्या बाटलीत सर्जिकल स्पिरिटमध्ये टाका आणि वर पट्टी चिकटवा: तारीख, कुठल्या रानातून, अंगावर कुठं होता.

ताप आला तर

चार आठवडे लक्ष ठेवा. अचानक चढलेला जोराचा ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंग मोडून येणं, तळहात-तळपायांपर्यंत गेलेले लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य ‘रानात गेलो होतो, गोचीड चावला होता’ हेच असू द्या. नाहीतर डेंग्यूची तपासणी होते, ती निगेटिव्ह येते आणि चार दिवस जातात. गोचिडापासूनचा टायफस डॉक्सिसायक्लिननं बरा होतो, पण वेळेवर सुरू झालं तर. ताप उतरवायला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नको.

गोचीड चावल्यानंच माणसाला होणारा दुसरा आजार माकडताप. त्याचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिवमोगा भागात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात त्याचे रुग्ण आहेत, आणि चंदगड-आजऱ्याचं रान त्याच डोंगराला लागून आहे. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येतो. काही जणांना तो उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटतो, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून पाठपुरावा सोडू नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, कुत्र्याला जाऊ देऊ नका. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून आसपासच पसरतात. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

कुत्र्याचा गोचीडताप वेगळा, तो माणसाला थेट लागत नाही. जेवण सोडणं, सुस्ती, फिक्या हिरड्या, पोटावर जांभळे ठिपके, नाकातून रक्त, लघवी चहाच्या रंगाची. हिरडी बोटानं दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी झाली नाही तर त्याच दिवशी दवाखाना. रक्ततपासणीत प्लेटलेट बघतात, निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात.

इथंही ‘परत परत’ची तक्रार आहेच: डॉक्सिसायक्लिन दिलं, बरा झाला, महिन्यानं परत ताप. एक कारण अर्धवट कोर्स. एर्लिकिया या गोचीडतापाच्या जंतूसाठी तो साधारण २८ दिवसांचा असतो, कुत्रा पाचव्या दिवशी जेवायला लागतो आणि सहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. दुसरं कारण म्हणजे आजारच दुसरा. बबेसिया गिब्सोनी हा तांबड्या पेशींतला परजीवी नुसत्या डॉक्सिसायक्लिननं जात नाही, त्याची औषधं वेगळी, आणि तो दबून राहून पुन्हा उठतो. हेपॅटोझून हा आणखी एक परजीवी तर गोचीड चावल्यानं नव्हे, कुत्र्यानं तो चावून गिळल्यानं होतो. म्हणून दुसऱ्यांदा ताप आला की तेच पाकीट मेडिकलमधून आणू नका. औषध सुरू करण्याआधी कानाच्या टोकाच्या रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा पीसीआर करायला सांगा, आणि ती स्पिरिटची बाटली सोबत न्या.